घरबसल्या फसावे कसे? खंडाळा तालुक्यातील नवशिक्यांसाठी

फसण्यासाठी शिक्षणाची अट नाही, वयाची नाही, उत्पन्नाची तर अजिबात नाही. शिरवळच्या कंपनीत नाइट शिफ्ट करणारा पोरगा, बावड्याचा ऊसवाला, शाळेतले गुरुजी आणि जिच्या नावावर साधे सिमकार्डही नाही अशी आजी, सर्वांना इथे समान संधी आहे. साहित्य म्हणाल तर एक मोबाइल, रोजचा दीड जीबी डेटा, जेवणानंतरचा रिकामा अर्धा तास आणि ‘आपल्याला कोण फसवतंय’ हा आत्मविश्वास. शेवटची वस्तू नसेल तर आधीच्या तिन्ही असून उपयोग नाही.

हा आत्मविश्वास आपल्याकडे मुबलक पिकतो आणि त्याला कारणही आहे. लोणंदच्या बाजारात कांदा न्या. व्यापारी गोणीचे तोंड सोडतो, माल पालथा करतो, दोन कांदे हातात दाबून बघतो आणि मगच भाव बोलतो. विकणाराही त्याच तोडीचा असतो. बैल घेताना दात बघणारी, जुना ट्रॅक्टर घेताना टायरला लाथ मारून बघणारी ही माणसे. तीच माणसे रात्री साडेनऊला चित्रातल्या वस्तूचे पैसे आगाऊ मोजतात, तेही ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही त्याला. हे कसे साधावे, त्याची कृती खाली दिली आहे.

पत्ता लिहिणे

नवशिक्याची पहिली अडचण म्हणजे खंडाळा कोणता. आमिर खानने 1998 साली ज्या खंडाळ्याला यायचे विचारले तो लोणावळ्याजवळचा, पुणे जिल्ह्यातला. आपला सातारा जिल्ह्यातला, एसटीच्या पाटीवर पारगाव-खंडाळा म्हणून येणारा. त्यात पोस्टाने आपल्याला पिनकोड दिलाय 412802, म्हणजे सुरुवात पुण्याकडची. त्याच तालुक्यातल्या लोणंदचा मात्र 415521, साताऱ्याच्या बाजूचा. जिल्हा एकीकडे, पिन दुसरीकडे, आणि गाव नावाने प्रसिद्ध पण दुसरेच. अशा पत्त्यावर वस्तू वेळेत आली तरच नवल, म्हणून ती उशिरा आली की आपण विक्रेत्याला नाही, गावाला दोष देतो. विक्रेत्याला अजून काय हवे?

‘जवळची खूण’ या रकान्यात मारुतीचे देऊळ लिहावे. तालुक्यातल्या कुठल्याही गावाला चालते.

आता याच रकान्यातून होणारी एक जास्तीची फसवणूक शिकून घ्या. मोबाइलवर संदेश येतो: आपले पार्सल गोदामात आले आहे, पण पत्ता अपूर्ण असल्याने पोहोचवता येत नाही, बारा तासांत खालील लिंकवर दुरुस्त करा. भारतीय डाक विभागाच्या नावाने फिरणारे असे संदेश खोटे असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने वारंवार सांगितले आहे. पुण्या-मुंबईचा माणूस फ्लॅट नंबर, विंग, गल्ली सगळे लिहितो, त्यामुळे त्याला शंका यायला जागा असते. आपल्याला येत नाही. आपला पत्ता खरोखरच अपूर्ण असतो, तो जन्मापासून अपूर्णच आहे, आणि पोस्टमन तरी बरोबर येतो. तेव्हा संदेश पटतो, लिंक उघडते, पाच-दहा रुपयांचे ‘पुनर्वितरण शुल्क’ भरण्यासाठी कार्डाचा नंबर मागते. पुढचे बँक कळवतेच.

जाहिरात निवडणे

जाहिरात आपण निवडायची नसते, ती आपल्याला निवडते. डाळिंबावर फवारणी करायची असे घरात नुसते बोलला असाल, तरी पंप समोर येतो. उदाहरणादाखल बॅटरीच्या फवारणी पंपाचीच गोष्ट घेऊ, कारण अभ्यासासाठी याहून चांगला नमुना नाही.

व्हिडिओत एक रांगडा गडी आहे. पाठीवर वीस लिटरचा निळा पंप, हातात लांब नळी, तोंडातून फवारा असा निघतो की अख्खी सरी न्हाऊन निघते. खाली किंमत 3,999 रुपये, तीवर काट, शेजारी लाल अक्षरात 599. दुकानात अशा पंपाला दोन-अडीच हजारांच्या खाली कोणी हात लावू देत नाही. इथे नवशिक्याने स्वतःला विचारायचा प्रश्न ‘हे परवडते कसे?’ हा नाही. ‘अजून किती शिल्लक आहेत?’ हा आहे. आणि त्याचे उत्तर पडद्यावर असतेच: फक्त 3 शिल्लक, 41 जण आत्ता बघत आहेत. कोणते 41, कुठे बसून, हे विचारू नये.

आठ दिवसांनी खोका येतो. खोका पाहूनच बायको म्हणते, ‘एवढाच?’ आपण म्हणायचे, ‘फोल्डिंगचा असंल.’ आत हिरव्या रंगाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली निघते, वर दाबायचा दट्ट्या. तुळशीला पाणी घालायला उत्तम. बॅटरी नाही, नळी नाही, चायनीज अक्षरांचा एक कागद आहे. मग पुन्हा जाहिरात उघडून बघितली की सगळ्यात खाली, जिथे अंगठा कधी पोहोचत नाही तिथे, इंग्रजीत बारीक लिहिलेले सापडते: क्षमता 2 लिटर, चित्र केवळ प्रातिनिधिक. म्हणजे विक्रेता खोटे बोललाच नाही! त्याने खरे इतक्या हळू आवाजात सांगितले की ऐकू जाऊ नये.

साडीचे तंत्र थोडे वेगळे. चित्रात येवल्याची हातमागावरची पैठणी, पदरावर मोर, आणि किंमत 799. नावात ‘पैठणी’ शब्दाच्या मागे-पुढे ‘सॉफ्ट’, ‘आर्ट’, ‘सेमी’, ‘स्टाईल’ असले काही जोडलेले असते. त्या एका शब्दात रेशीम संपलेले असते. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि खऱ्या रेशमावर सिल्क मार्क मिळतो, ही माहिती नवशिक्याने खरेदीनंतर मिळवावी.

अभिप्राय जरूर वाचावेत. पाच तारे, आणि खाली: ‘छान वाटते, अजून उघडले नाही.’

आमिष एक, माल दुसरा

इथपर्यंत आपण प्राथमिक शाळेत होतो. खरी कला पुढे आहे, आणि ती माणसाच्या आवाजात होते. इन्स्टाग्रामवर कुणाचे तरी ‘दुकान बंद होत असल्याने’ सेल लागलेले असते. दोन वर्षे झाली, दुकान काही बंद होत नाही. बत्तीस इंची टीव्ही 4,500 रुपयांत. आपण व्हॉट्सअॅप करतो, 500 रुपये बुकिंगचे पाठवतो. दहा मिनिटांत फोन.

‘सर, ते मॉडेल आत्ताच संपलं बघा. तुमच्या आधी एकाचं पेमेंट आलं.’

‘पण जाहिरात तर अजून चालू हाय की.’

‘ती सिस्टीम अपडेट व्हायला टाइम लागतो सर. पण तुमच्यासाठी त्याच्या वरचं मॉडेल ठेवलंय, नऊ हजाराला. लोकांना अकराला देतोय.’

‘मग माझे पाचशे परत पाठवा.’

‘परत नाही होत सर, ते अॅडजस्ट होतात.’

या ‘अॅडजस्ट’वर सगळा धंदा उभा आहे. साडेचार हजारांचा टीव्ही कधीच नव्हता. तो फक्त आपल्याला फोनपर्यंत आणण्यासाठी होता. एकदा पाचशे अडकले की ते सोडवण्यासाठी माणूस साडेआठ हजार आणखी घालतो आणि वर दोन हजार वाचवल्याचे समाधान घेतो.

आपल्या केंद्र सरकारला हे सारे ठाऊक आहे. 9 जून 2022 ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यात आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीला अटी घातल्या: सांगितलेल्या किमतीत माल देण्याची वाजवी शक्यता नसेल तर ग्राहकाला ओढू नये, साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगावे. 30 नोव्हेंबर 2023 ला ‘डार्क पॅटर्न’ रोखणारी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि 13 प्रकार नावानिशी गणले गेले. वर फोनवर झाला तो प्रकार त्यात आहे. ‘फक्त 3 शिल्लक’ आहे. न विचारता टोपलीत टाकलेला विमा किंवा देणगी आहे. शेवटच्या पानावर उगवणारे पॅकिंग, हाताळणी आणि ‘प्लॅटफॉर्म’चे पैसे आहेत. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे बटण दाबायला लावून माणसाला लाजवणेही आहे. विक्रेत्यांनी ही यादी टाळण्यासाठी वाचली की अभ्यासक्रम म्हणून, सांगता येत नाही.

थोडा इतिहास

नवशिक्याने पूर्वसुरींना विसरू नये. मोबाइल नव्हता तेव्हा साप्ताहिकांच्या मागच्या पानावर चौकोन असायचा: 1 ते 9 आकडे असे भरा की उभी, आडवी, तिरकी बेरीज 15 यावी, आणि ट्रान्झिस्टर जिंका. उत्तर तिसरीतल्या पोरालाही यायचे, म्हणून सगळेच जिंकायचे. मग व्हीपीपी यायची, पोस्टात पैसे भरून सोडवायची, आणि खोक्यात काय निघायचे हे सांगायला लोक आजही तयार नसतात.

पण या क्षेत्रातला मानाचा तुरा ‘फ्रीडम 251’ या फोनला. 17 फेब्रुवारी 2016 ला दिल्लीत नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने 251 रुपयांचा स्मार्टफोन जाहीर केला. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. कार्यक्रमाला तेव्हाचे संरक्षणमंत्री, आपले गोव्याचे मनोहर पर्रीकर येणार असे जाहीर झाले होते. ते आले नाहीत, आणि शहाण्याला तेवढा इशारा पुरे होता. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे नाव होते, त्यावर चक्क व्हाइटनर फासलेला. दुसऱ्या दिवशी बुकिंग उघडले आणि गर्दीने संकेतस्थळ बसले. फोनचे 251, पोहोचवण्याचे 40, एकूण 291. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी सुरुवातीलाच हा प्रकार संशयास्पद असल्याचे म्हटले. पुढच्या वर्षी कंपनीच्या संचालकाला अटक झाली. मात्र ती कुणाच्या तक्रारीवरून झाली ते बघा. 291 रुपयेवाल्याच्या नव्हे, लाखो रुपये अडकलेल्या गाझियाबादच्या एका वितरकाच्या. 291 रुपयांसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढतो?

या मार्गदर्शिकेतला एवढा एकच मुद्दा पाठ करण्याजोगा आहे. वस्तूची किंमत कधीच मालावरून ठरत नाही. 499, 599, 799 हे आकडे तुमच्या कंटाळ्यावरून ठरतात. एका दिवसाची रोजगारी बुडवून तालुक्याला जाण्यापेक्षा ‘गेले तर गेले’ म्हणणे स्वस्त पडावे, इतपतच ते ठेवलेले असतात. आणि गावात सांगायची लाज तर फुकट मिळते.

मोठ्या कंपन्याही याच गणितावर चालतात. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर 50 रुपये’ अशी रॅपिडोची जाहिरात होती. ते 50 रुपये म्हणजे पैसे नव्हते. अॅपमधली नाणी, तीही ‘50 पर्यंत’, फक्त बाइकच्या प्रवासाला चालणारी आणि सात दिवसांत बाद होणारी. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 10 लाखांचा दंड केला आणि ज्यांना कबूल केलेले मिळाले नाही त्यांना पैसे द्यायला सांगितले. पन्नास रुपयांसाठी कोण भांडणार, असे कंपनीला वाटले असणार. कोणीतरी भांडले.

घरातल्या इतरांना सामील करून घेणे

फसण्याचा लाभ एकट्याने घेऊ नये. नातू कंपनीत, सून शेतात, आणि दुपारी दोन वाजता दारात कुरियरचा पोरगा.

‘आजी, पार्सल हाय. चारशे नव्व्याण्णव द्या.’

‘कुणाचं रं?’

‘तुमच्या नातवाचं. नाव बघा की, हे.’

‘मला कुठं वाचता येतंय? काय हाय त्यात?’

‘ते आमाला न्हाई ठाऊक. मी परत न्यू का मग?’

‘परत’ म्हटल्यावर आजीचा जीव वरखाली होतो. पोराने हौसेने मागवले असेल. डब्यातली पाचशेची नोट निघते, एक रुपया सुटा नसतो म्हणून तोही जातो. संध्याकाळी नातू येतो, म्हणतो मी काही मागवलेच नाही. खोक्यात दहा रुपयांचा कानातल्यांचा जोड. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळे बरोबर. कुठल्या तरी जुन्या खरेदीतून गळालेले. ‘आल्यावर पैसे’ म्हणजे सुरक्षित, हा समज इथे संपतो. कुरियरच्या पोराला मात्र बोलू नये. त्याला पार्सलमागे मोजके पैसे मिळतात, आणि खोक्यात काय आहे हे त्यालाही तुमच्याइतकेच माहीत असते.

परत करणे

खंबाटकीला वर्षानुवर्षे साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागायचा, येताना बोगद्यातून यायचे असायचे. ऑनलाइन मालाचेही तसेच: येण्याचा रस्ता वेगळा, जाण्याचा वेगळा, आणि जाण्याच्या रस्त्यावर बहुधा काम चालू असते. परत करायचे बटण राखाडी असते. ‘आपल्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही’ असे येते. आणून द्यायला मात्र तोच पिनकोड चालला होता. मग माणूस गुगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतो आणि पहिला दिसेल त्यावर फोन लावतो. हा उच्चश्रेणी अभ्यासक्रम. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य असतो, पैसे लगेच परत देतो म्हणतो, फक्त एक छोटे अॅप घ्यायला सांगतो. त्या अॅपमधून तुमचा पडदा त्याला दिसू लागतो. 599 परत मिळवताना खाते रिकामे.

नवशिक्यांनी कटाक्षाने टाळायच्या गोष्टी

खालीलपैकी काहीही केल्यास फसण्यात बाधा येते, तेव्हा जपून.

विक्रेत्याचे खरे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव शोधू नये. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते देणे बंधनकारक आहे, आणि ते कुठेच नसेल तर खरेदीची मजाच जाते. वस्तूची मापे वाचू नयेत. उघडून बघून घ्यायची सोय असेल तर कुरियरवाल्याला घाई आहे म्हणून सोडून द्यावी. खोका फोडताना लेबलपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ तर मुळीच काढू नये. आपली बाजू भक्कम होते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवू नयेत, कारण तक्रार झाल्यावर जाहिरात बदलते आणि तुमच्याकडे जुनी राहते.

वस्तू जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे त्याच नियमांत आहे. त्याला सांगू नये. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो, हेही नको. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मराठीतही बोलतो. लावला की कंपनीकडे तुमची तक्रार थेट सरकारमार्फत जाते, आणि एरवी महिना महिना न बोलणारी कंपनी एकदम ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ म्हणू लागते. पैसे खात्यातून लुबाडले गेले असतील तर 1930. तिथे पहिल्या काही तासांना महत्त्व आहे, म्हणून भावकीत विचारविनिमय करून चार दिवसांनी लावावा! पोलिसांत गेलाच तर एक लक्षात ठेवा, 1 जुलै 2024 पासून चारशे वीस आता 318 झाली आहे. माणसे तीच आहेत.

सगळ्यात मोठा धोका साताऱ्याला आहे. पूर्वी वाटायचे, विक्रेता सुरतेचा किंवा दिल्लीचा, खटला तिकडेच लढावा लागणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती सोय घालवली. हा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे खंडाळ्याच्या माणसाने साताऱ्यात करायची आणि दिल्लीवाल्याने तारखेला यायचे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लागतोच असे नाही. आणि 1 जानेवारी 2025 पासून ‘ई-जागृती’ नावाच्या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्याच टाकता येते, त्याच मोबाइलवरून, जेवणानंतरच्या त्याच अर्ध्या तासात. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत काढली तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो यायला 24 डिसेंबर 1986 उजाडावा लागला. त्या लोकांनी काय काय करून ठेवले आहे पाहा, आता फसायलासुद्धा चोरी झाली आहे.

तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. माळ्यावर टाकलेल्या खोक्यावरचे लेबल अजून वाचता येत असेल, तर आधी त्यावरची तारीख बघा.